गवंड्याच्या गाडीतली तेलपट्टी

मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडलंत की इंजिनाच्या कुशीत एक पिवळी कडी दिसते. ती माझं डोकं. मी तेल मोजायची जुनी पट्टी आहे. गॅरेजात मला डिपस्टिक म्हणतात. माझ्या टोकाला दोन खुणा आहेत आणि तेल त्यांच्या मध्ये असलं की सगळं ठीक. मी कुणाची भीड ठेवत नाही. तेल कमी असलं तर कमीच दाखवते, मग समोरच्याचं तोंड पडलं तरी चालेल!

कारखान्यातून निघाले ती थेट या गाडीत आले. आमचे मालक गवंडी. हात असा दणकट, की त्यांनी बंद केलेली बरणी घरात दुसऱ्या कुणाला उघडत नसे. दर सहा महिन्यांनी ते गाडीखाली शिरून स्वतः तेल आणि फिल्टर बदलायचे. मग मला फडक्याने पुसून उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "हिच्यासारखं खरं बोलणारं घरात कुणी नाही." मालकीणबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "म्हणजे मी खोटं बोलते का?" त्या भांडणात मला फार मजा यायची.

पुढे मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाकणं बंद, गाडीखाली शिरणं तर दूरच. दुसऱ्याचा हात गाडीला लागलेला त्यांना खपत नव्हता. वर्षभर मला कुणी बाहेर काढलं नाही. तेल काळंकुट्ट झालं आणि मी त्यात बुडून राहिले. खरं सांगते, मला रडू यायचं.

एके रविवारी सकाळी मालकांनी गाडी विकायला काढली. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. मालकीणबाई शिवणकाम करायच्या. शिवलेले कपडे घरोघर पोचवायला त्या हीच गाडी न्यायच्या, याच गाडीत त्या चालवायला शिकल्या होत्या. जेवणं झाल्यावर मालक उदास होऊन म्हणाले, "असलं काळं तेल तसंच ठेवून गाडी दुसऱ्याच्या दारात पाठवायची म्हणजे लाज आहे."

"मग बदलूया की. नवं तेल आणि फिल्टर वर्षभर फळीवर पडूनच आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही स्टुलावर बसून सांगा. मी जाते खाली."

पुढची चाकं लोखंडी चढावांवर चढली, मागच्या चाकांना विटा लागल्या. बाईंनी मला उपसून शेजारी फडक्यावर ठेवलं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. खालचा बोल्ट सुटला आणि कोमट तेल भळाभळा घमेल्यात पडलं. तेल निथळल्यावर त्यांनी बोल्ट परत बसवला. जुना फिल्टर मात्र पान्याने हिसके देऊन कसाबसा निघाला. मागच्या वेळी मालकांनी तो आवळला होता ना!

बाईंनी नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने तेल लावलं आणि तो फिरवायला घेतला. मध्येच त्या थांबल्या.

"अहो, हा लवकर टेकतोय. आणि मऊ लागतोय, दुहेरी शिवण आल्यासारखा."

"अगं, बसतो तो. जोर लाव!"

"जोर लावून शिवण सरळ होत नसते," असं म्हणत त्यांनी फिल्टर उलटा फिरवून काढला आणि वर बोटं फिरवली. जुन्या फिल्टरचं कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं! त्यांनी ते अलगद सोलून मालकांच्या हातात दिलं.

मालकांचा चेहरा पांढरा पडला. कड्यावर कडं बसलं असतं, तर गाडी सुरू होताच तेल फटीतून बाहेर उडालं असतं आणि इंजिन कोरडं पडून जाम झालं असतं. "मी बघितलंच नसतं," ते हळूच म्हणाले. "आवळून मोकळा झालो असतो."

नवा फिल्टर हातानेच बसला. ताजं तेल ओतलं, मलाही जागेवर बसवलं. गाडी जरा चालवून खाली सपाटीवर घेतली आणि थोडं थांबून मला बाहेर काढलं. तेल मधासारखं, खुणांच्या मधोमध! फिल्टरखाली एक थेंबसुद्धा नव्हता. मालक स्टुलावर बसूनच टाळ्या वाजवू लागले आणि नाकाला काळं लागलेल्या मालकीणबाई हसून हसून खालीच बसल्या.

चार वाजता गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरून म्हणालं, "बोला, कितीला देता?"

"विकायची नाही," मालक म्हणाले.

"अहो, सकाळी तर तुम्हीच बोलावलंत!"

"सकाळी घरात वाकणारा गुडघा नव्हता," मालक म्हणाले. "आता दोन सापडलेत. ते काय, पायरीवर बसून हात धुतायत."

मित्रांनो, जुनी वस्तू काढून टाकायची वेळ आली, की आधी घरात विचारून बघा. तुमच्याने होत नसेल ते कदाचित शेजारच्या खोलीतल्या माणसाला येत असेल, आणि त्याला कुणी विचारलंच नसेल.