जागं करायची वेळ

वडील हिंडतेफिरते होते त्या शेवटच्या दिवशी दुपारी ते दाराशी बसून चपलेचा पट्टा शिवत होते. "पोटात कळ येतेय गं," म्हणाले.

मुलीनं पुस्तकातून डोकं काढलं नाही. "काम निघालं की तुमचं पोट दुखतंच."

"म्हणजे पोटाला अक्कल आहे म्हणायची," वडील हसले आणि पट्टा शिवत राहिले.

पहाटे आतडं फुटल्याचं कळलं. ऑपरेशन होऊन वडील अतिदक्षता विभागात गेले. घशात नळी, उशाशी श्वासाचं यंत्र, आणि शिरेतून दोन औषधं: एक दुखण्याचं, एक झोपेचं.

रोज सकाळी झोपेचं औषध कमी करून पेशंटला जागं करून पाहायचं, अशी तिथली रीत होती. पहिल्या सकाळी वडिलांनी डोळे उघडले ते थेट तिच्यावर. ओठ हलले. ते काय विचारणार, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं: कळ येतेय म्हणालो, तेव्हा का ऐकलं नाहीस?

"त्यांना फार दुखतंय हो, झोपवा ना," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

डॉक्टरीणबाई वडिलांच्या कानाशी वाकल्या. "बाबा, दुखत असेल तर माझं बोट दाबा." वडिलांनी दाबलं नाही.

"पण रात्रभर विव्हळत होते!"

"घशात नळी असताना आवाज फुटत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. तिचे कान तापले. "कपाळाला आठ्या पडतात, अंग ताठतं, पेशंट यंत्राशी झगडतो, त्यावरून ओळखायचं. तसं दिसलं तर आधी दुखण्याचं देऊ. झोपेचं उगाच वाढवलं तर बीपी उतरतं, नळी निघायलाही उशीर होतो."

एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. दुसऱ्या सकाळी वडील जागे झाले, त्यांचा हात चादरीवरून तिच्याकडे सरकू लागला, तशी ती सिस्टरकडे धावली. "आठ्या पडल्यात बघा. अंग ताठ केलंय. यंत्राशी झगडताहेत."

सिस्टर आल्या तेव्हा वडील खरंच धडपडत होते. हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून. सिस्टरनी आधी दुखण्याचं औषध दिलं. धडपड थांबेना, तेव्हा ठरवून दिलेल्या मर्यादेत झोपेचंही थोडं वाढवलं. डोळे मिटले. तिला हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी रक्तात जंतू पसरल्याचं कळलं. वडील पुन्हा जागे झाले नाहीत.

"औषधानं काही बिघडलं नाही. जंतूच आवरले नाहीत," डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. ते खरं होतं. तिला त्याचा आधार काही मिळाला नाही.

घरी माणसांची रीघ लागली. येणाऱ्या प्रत्येकाला आत्या तेच सांगे, "पोरगी असावी तर अशी! माझ्या दादाला कणभर दुखू दिलं नाही हिनं. जरा कुठे आठी दिसली की सिस्टरच्या मागे हात धुऊन लागायची."

"पुण्यवान हो तुमचा भाऊ," शेजारीणकाकू डोळे पुसत म्हणाल्या.

ती मान खाली घालून ऐके. लोकांना ते दुःख वाटे.

"नाहीतर आमचे चिरंजीव," आत्या पुढे बोलत होती, "मला साधी शिंक आली तरी टीव्हीचा आवाज वाढवतात. हिनं मात्र बापाला..."

"आत्या, पुरे." तिनं मान वर केली. "बाबांना दुखत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. मला ते बघणं सोसवेना, म्हणून मी खोटं बोलून त्यांना झोपवायला लावलं."