अर्धा स्वर खाली

मित्रांनो, मी एक जुन्या वळणाचं व्हायोलिन आहे. वयाने म्हणाल तर मी अजून पोरगाच. वसईच्या एका कारागिराने मला घडवलं, पण घडवताना त्याने तीनशे वर्षांपूर्वीचा युरोपातला नमुना समोर ठेवला. म्हणून माझं लाकूड पातळ, मान आखूड, हनुवटी टेकवायला काही नाही, आणि तारा पोलादाच्या नाहीत, मेंढीच्या आतड्याच्या आहेत. नाक मुरडू नका हो! त्या काळी अशाच तारा असत. त्यांचा आवाज बारीक, पण मऊ. आणि माझा स्वभाव विचाराल तर भित्रा. पोटाची फळी इतकी पातळ असल्यावर माणूससुद्धा भिऊनच राहील, मी तर लाकूड!

माझी मालकीण राजसी. ती अंबरनाथला आईवडिलांजवळ राहते, आठवडाभर ऑफिसात राबते आणि रविवारी मला घेऊन पालेगावच्या नव्या टॉवरमध्ये उन्मेषच्या घरी जाते. उन्मेषकडे हार्पसिकॉर्ड आहे. पट्ट्या बाजाच्या पेटीसारख्या, पण पट्टी दाबली की आत तार छेडली जाते. तेजल लाकडी बासरी वाजवते. ही तिघं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या वळणाच्या वाद्यांवर वाजवतात. शेजारच्या काकू दारातून विचारतात, "चर्चची गाणी का रे ही?" उन्मेष म्हणतो, "चर्चची पण आहेत काकू, आणि नाचाची पण. आत या ना." काकू काही आत येत नाहीत.

आम्ही सगळे आजच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली लागतो. त्या सुरात माझ्या पोटावर ओझं कमी पडतं. दमट हवेत मात्र माझे हाल होतात. तारा फुगतात, सूर उतरतो. म्हणून राजसीची आई, उमाताई, बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जपून ठेवते आणि माझ्या पेटीत सारते. माझा जीव त्या पुड्यांवर आहे म्हणा ना!

तर झालं काय, बदलापूरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. डोक्यावर पंखे घरघरत होते. पहिलाच तुकडा सुरू झाला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज! आवाज वाढवा!" मग आणखी चौघं ओरडले. राजसीने गज जोरात दाबला. मी वाढलो नाही, नुसता चिरकलो. शेवटच्या रांगेत तिचे बाबा, शशिकांतराव, मान खाली घालून बसले होते. ते नेहमी शेवटच्याच रांगेत बसत.

शशिकांतराव म्हणजे कारखान्यात मेंटेनन्स खात्यात अधिकारी होऊन निवृत्त झालेला माणूस. सैल दिसलं की आवळायचं, हा त्यांचा धर्म. घरातला नळ, खुर्चीचा पाय, शेजाऱ्यांचं गेट, काही म्हणता काही सुटलं नाही. पुढच्याच आठवड्यात राजसी ऑफिसच्या कामाला पुण्याला गेली आणि तिच्या मागे माझी एक तार दमट हवेने तटकन तुटली. झालं! बाबांनी मला उचललं आणि थेट उल्हासनगरच्या कॅम्प दोनचा बाजार गाठला. कॅम्पात मिळत नाही ती वस्तू जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा!

दुकानदाराने मला उलटंपालटं केलं. "साहेब, ये तो पुराना माल है. स्टीलच्या तारा टाकतो, चारही. एकदम लाउड! पूरे हॉल में सुनाई देगा."

"तेच पाहिजे," बाबा म्हणाले. "आणि सूर बाजाच्या पेटीला लाव. आमची मंडळी उगाच खाली वाजवतात."

देवा रे! मी ओरडणार कसा? एकेक तार चढत गेली, तसं माझं पोट आत दबायला लागलं. मान पुढे ओढली गेली. त्याने गज फिरवला. आवाज मोठा निघाला खरा, पण मला माझा वाटेना. बाबांचा चेहरा मात्र असा फुलला होता, की त्यांच्यावर रागवायचंही मला जमेना.

घरी उमाताईने विचारलं, "अहो, राजसीला विचारलंत का?"

"सरप्राइज आहे."

"तिला सरप्राइज आवडत नाही. तुमचीच मुलगी आहे ती."

पेटीचं झाकण बंद झालं. मित्रांनो, त्या अंधारात मी किती घाबरलो, काय सांगू! राजसी कधी येईल आणि तोवर मी टिकेन का, एवढाच घोर. दुपारी ऊन चढलं, तसं ताणाखालचं माझं लाकूड आणखी दबलं आणि माझ्या अंगातून कर्र असा आवाज आला. बाहेर उमाताई म्हणाली, "अहो, काहीतरी कुरकुरलं." बाबा म्हणाले, "लाकूड आहे, हवा बदलली की कुरकुरणारच." संध्याकाळी पुन्हा कर्र झालं. या वेळी ऐकायला कुणी नव्हतं.

राजसी आली, तिने पेटी उघडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आधी एकेक तार थोडीथोडी सैल केली. माझ्या जिवात जीव आला. मग तिने मोबाइलचा उजेड पाडला. माझ्या पोटावर केसाएवढी चीर होती.

"बाबा! कुणाला विचारून केलंत हे?"

बाबा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "मागे ऐकू येत नाही गं. त्या दिवशी लोक ओरडले, ते मला सहन झालं नाही."

"मग तुम्ही मागे का बसता? एकदाही पुढे येत नाही! मला वाटतं, तुम्हाला हे आवडतच नाही."

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "पुढे बसलो आणि तुझं काही चुकलं, तर मला बघवणार नाही. म्हणून लांब बसतो."

राजसीला हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं.

आपल्या वाद्याची डागडुजी स्वतःच करणाऱ्या उन्मेषने गरम सरस घालून माझी चीर सांधली. "धरेल का रे?" तिने विचारलं. "वाजवल्यावरच कळेल," तो म्हणाला. बाबांनी माझ्या जुन्या तीन तारा कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. काढलेला पार्ट फेकायचा नाही, ही कारखान्याची सवय. तुटलेल्या तारेऐवजी तेजलने ओळखीतून एक मिळवून आणली. त्या चढल्या आणि मी पुन्हा अर्धा स्वर खाली आलो.

आणि पुन्हा तोच बदलापूरचा हॉल! सरस सुटला तर? भर कार्यक्रमात चीर फाकली तर? राजसीने मला खांद्यावर टेकवलं. बाबा आज पहिल्या रांगेत होते, हातातल्या रुमालाचा पार बोळा झालेला. पहिला स्वर निघाला. चीर थरथरली, पण धरून राहिली.

मागून आवाज आलाच, "आवाज वाढवा!"

बाबा ताडकन उठले, मागे वळले. "अहो, नाही वाढत त्याचा! तुम्ही पुढे या ना, खुर्च्या रिकाम्या आहेत!"

आधी एक आजोबा आले. मग दोन बाया आल्या. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज, आणि हळूहळू अर्धा हॉल आमच्याभोवती येऊन बसला. कुणीतरी पंखेही बंद केले. अवघड जागी राजसी चुकली, स्पष्ट चुकली. बाबांनी डोळे घट्ट मिटले. पण ती थांबली नाही, पुढे वाजवत राहिली, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

मित्रांनो, माझ्या पोटावरची चीर बारकाईने पाहिलीत तर अजून दिसते. मी आजही दमट दुपारी धास्तावतो. तुम्हाला एवढंच सांगतो : घरात, वर्गात, कुणाचा आवाज बारीक असेल तर त्याला आवळायला जाऊ नका, तो बिचारा तुटेल. आणि त्याच्या काळजीने लांबही बसू नका. आपली खुर्ची उचला आणि जवळ या.