सोळाव्या फेरीनंतरची फेरी

वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर पाच पुस्तके होती आणि पाच हाडे. पुस्तके म्हणजे 'उलटी नदी' या मालिकेचे आतापर्यंतचे पाच भाग; हाडे म्हणजे मेंढीच्या घोट्याची, खेळायची, ज्यांना सगळे चुको म्हणतात ती. ज्याने त्याने आपले हाड आपल्या आवडत्या भागावर ठेवायचे; प्रत्येक पुस्तकावर एकच होते. पेरिझातने डावीकडून मोजले, मग उजवीकडून मोजले, आणि वहीत लिहिले : फेरी सोळावी. एक, एक, एक, एक, एक. बरोबरी.

"मोजायचं काय त्यात?" आयसालकिन म्हणाली. "गेल्या पंधरा फेऱ्यांना वेगळं काही आलं होतं?"

आले नव्हते. तिलेकला पहिला भाग प्रिय, कारण नदी डोंगर चढायला लागते ती पहिल्या भागात. आयसालकिनला पाचवा, कारण त्यात बगळा खरे बोलतो. असानला चौथा, कारण त्यात बर्फावरची लढाई एकशेवीस पाने चालते. असानचा जुळा भाऊ उसेन याला दुसरा, कारण असानला तो आवडत नाही. आणि पेरिझातला तिसरा.

तिसरा भाग आवडणारे माणूस अख्ख्या कराकोल गावात ती एकटीच असावी. त्यात काहीच होत नाही. इल्वा वाट चुकते आणि अख्खा हिवाळा एका नावाड्याच्या झोपडीत काढते. रोज सकाळी एका काठीवर खूण करून नदी किती चढली ते बघते, आणि एकशे चौदाव्या खुणेला तिला कळते की नदी उलटी का वाहते. पेरिझातने तो भाग वाचला आणि दुसऱ्याच दिवशी घरामागच्या पाटात काठी रोवली. त्या काठीला आता दोन वर्षे झाली होती.

एरवी या बरोबरीने कुणाचे काही बिघडत नव्हते. पण सहावा भाग निघाला होता. वाचनालयाने एकच प्रत मागवली होती आणि ग्रंथपाल गुलसून-एजेने, म्हणजे गुलसूनताईने, नियम घातला होता : एक पुस्तक, एक माणूस, दहा दिवस. हा नियम चौथ्या भागामुळे आला. तेव्हा पाचही जणांनी एकावर एक डोकी ठेवून वाचायला घेतले, उसेनला पान उलटेपर्यंत धीर निघेना, आणि ऐन लढाईतली तीन पाने फाटली. आता पहिला मान ज्याचा आवडता भाग जिंकेल त्याला. मग पुढचे दहा दिवस पुढच्याला.

आणि आठ-नऊ दिवसांत पेरिझातचे घर जायलोला निघणार होते. वर, उन्हाळी कुरणावर, आजोबांच्या मेंढ्यांपाशी. तिथे वाचनालय नाही, रस्ता अर्धाच आहे आणि फोन लागायला टेकडी चढावी लागते. परत यायचे ते थेट सप्टेंबरात. म्हणजे पहिला नंबर, नाहीतर तीन महिने. तोवर उसेन भेटेल त्याला शेवट सांगत सुटणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पेरिझातच्या मामाचा, म्हणजे तायकेचा, फोन आला. तायके राजधानी बिश्केकहून मिनीबस चालवतो.

"भाची, तुमच्या वाचनालयाचं एक पार्सल आहे माझ्याकडे. चौकोनी. जड. त्यावर नदीचं चित्र आहे, पण नदी चुकीच्या बाजूला चाललीय. अकराला पोचतोय."

पेरिझातने फोन खाली ठेवला, बूट घातले, एक उलटा घातला, तो सुलटा केला. आणि तिथेच, दारात, तिला युक्ती सुचली.

चांगली बातमी पहिल्यांदा सांगणाऱ्याने 'सुयुंचू!' म्हणून ओरडायचे असते. ऐकणाऱ्याने बातमी ऐकायच्या आधीच 'दिली!' म्हणायचे, आणि मग सांगणारा मागेल ती भेट द्यायची. घोडीला शिंगरू झाले तरी सुयुंचू, पोरगी परीक्षा पास झाली तरी सुयुंचू. पेरिझातच्या आजीने एकदा अशीच एक किटली मिळवली होती. मग हाड का मिळू नये?

जुळे बाजारातल्या गल्लीत आशल्यान-फू खात बसले होते. आंबट-तिखट थंड शेवयांचे दोन वाडगे, दोघांच्याही नाकातून पाणी.

"असान! सुयुंचू!"

"दिली!" असान तोंडातल्या शेवयांसकट म्हणाला. "काय हवं ते घे. हा वाडगा सोडून."

"सहावा आलाय! अकराच्या गाडीने!"

असानने इतक्या जोरात आरोळी ठोकली की शेजारच्या टेबलावरच्या बाईने डोक्यावरचा रुमाल सावरला. "उसेन! सहावा! सहावा!"

"आता माझी भेट," पेरिझात म्हणाली. "तुझं हाड तिसऱ्या भागावर."

"तिसऱ्यावर? त्यात तर नुसती काठी आहे गं!"

"दिली म्हणालास."

असानने कपाळावर हात मारला. "दिली. मरो ती लढाई."

"आणि उसेन, तुझं?"

"माझं कशाला?" उसेन शांतपणे शेवया गुंडाळत म्हणाला. "मला तू कुठे सांगितलंस? मला यानं सांगितलं. सुयुंचू याची लागते. आणि याला मी काही देत नाही."

पेरिझात पळाली. तिलेक आजोबांच्या बागेत सफरचंदाच्या बुंध्यांना चुना लावत होता. कोपरापर्यंत पांढरा झालेला. त्याने 'दिली' म्हटले, बातमी ऐकली, आणि कुंचल्यासकट उड्या मारायला लागला. पेरिझातच्या नव्या स्कर्टवर चुन्याचे थेंब उडाले. तिने ते मोजले नाहीत, यावरून तिच्या आनंदाची कल्पना यावी.

"हाड तिसऱ्यावर," ती म्हणाली.

"अगं, पहिला सोडून? बरं, बरं! दिली म्हणजे दिली! गाडी किती वाजता म्हणालीस?" आणि कुंचला बादलीत टाकून तिलेक तिच्याही पुढे धावत सुटला.

असानचे एक, तिलेकचे एक, तिचे स्वतःचे एक. तीन. पाचातले तीन. पेरिझात बस-थांब्याकडे निघाली ती चालत नव्हती, पळतही नव्हती; मधलेच काहीतरी चालले होते, आणि रस्त्यावरची कुत्री तिच्याकडे बघत होती.

थांब्यावर पोचली तर तिथे गर्दी. आयसालकिनची आई त्या थांब्यावर सामसे, म्हणजे भट्टीतले खिम्याचे समोसे, विकते, हे पेरिझात विसरली होती. तायकेने गाडी लावली, पार्सल खाली दिले, आणि ते घ्यायला वाचनालयाच्या वतीने कोण उभी? आयसालकिन. तिने कागद फाडून पुस्तक आईच्या लाल रुमालात नखशिखांत गुंडाळले होते, नव्या नवरीसारखे, आणि छातीशी धरून ती सामशांच्या खोक्यावर उभी होती.

"कोरुमदुक!" ती ओरडत होती. "आधी कोरुमदुक, मग दर्शन!"

नव्या नवरीचे तोंड बघायचे तर भेट द्यावी लागते, तीच कोरुमदुक. बाळाचेही, नव्या गाडीचेही. नव्या पुस्तकाचे लागत नाही असे कुठे कुणी म्हटले आहे? उसेनने आपले हाड पाचव्या भागाला देऊन मुखपृष्ठ बघितलेले होते आणि तो जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोके धरून हसत होता. असानला राहवले नाही, त्यानेही दिलेले. तिलेकचा चुन्याचा पंजा आत्ताच रुमालावर उमटला होता.

"तिलेक!" पेरिझात किंचाळली. "तुझं हाड मला दिलं होतंस!"

"होय गं," तिलेक म्हणाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. "पण तू मुखपृष्ठ बघितलं नाहीस अजून. बगळ्याला दात आहेत!"

"दात?" पेरिझातचा राग जागच्या जागी विरघळला. "दाखव."

"कोरुमदुक," आयसालकिन म्हणाली.

"तुला मी बोराएवढी होते तेव्हापासून ओळखते, सटवे!"

"मग जुन्या ओळखीची मोठी भेट दे."

शेवटी सगळे गुलसून-एजेकडे गेले. एजेने चष्मा लावला, दोन्ही बाजू ऐकल्या, एकदा पुस्तकाच्या बांधणीकडे बघितले आणि निकाल दिला. "सुयुंचू आधी, कोरुमदुक नंतर. एकदा दिलेली वस्तू पुन्हा देता येत नाही. असान आणि तिलेक, तुमची हाडं तिसऱ्यावर. उसेनचं पाचव्यावर. पुढेही कधी बरोबरी झालीच तर हाच क्रम : सुयुंचू वरचढ."

हाडे ठेवली गेली. तिसऱ्या भागावर तीन, पाचव्यावर दोन. एजेने रुमाल सोडवून सहावा भाग पेरिझातच्या हातात दिला. सहाशे चार पाने. बगळ्याला खरोखरच दात होते.

पेरिझातने पुस्तक पोटाशी धरले आणि टेबलाकडे बघितले. दोन वर्षे तिला हेच बघायचे होते : तिसऱ्या भागावर हाडांचा ढीग. ढीग होता. तिला वाटले होते तसे मात्र वाटत नव्हते.

"असान," तिने विचारले, "तुला तिसरा खरंच आवडतो का रे?"

"हाड दिलंय ना?" असान म्हणाला. "आता आवडीचं कशाला विचारतेस?"

पेरिझात खाली बसली. काठीवर खुणा करताना एखाद्या दिवशी पाट कोरडा असला, तरी तिने कधी खूण वर सरकवली नव्हती. सरकवली असती तर काठी कशाला रोवायची? वहीत आता ती काय लिहिणार होती? तिसरा : तीन. आणि पुढे?

तिने पुस्तक टेबलाच्या मध्यभागी ठेवले.

"पुन्हा करू," ती म्हणाली.

"वेड लागलं?" आयसालकिन म्हणाली. "जिंकलीस तू! आठ दिवसांनी जाते आहेस!"

"माहिती आहे. पण हा निकाल खोटा आहे. आणि खरा निकाल लावला तर पुन्हा एक-एक-एक. म्हणून प्रश्नच बदलू. आपला लाडका भाग सगळ्यांना माहीत आहे. आता हाड स्वतःच्या लाडक्यावर ठेवायचंच नाही. त्याच्या खालोखाल जो आवडतो त्यावर. खरा खालोखालचा. देवाशपथ खरा."

एजेने चष्म्यावरून तिच्याकडे बघितले. "चालेल," ती म्हणाली. "धाकट्यापासून."

असान उसेनपेक्षा अकरा मिनिटांनी लहान. त्याने हाड हातात फिरवले, कान लाल केले आणि तिसऱ्या भागावर ठेवले. "त्या नावाड्याची बकरी," तो म्हणाला. "बाकी काही विचारू नका."

"बकरी!" उसेन खिदळला. आणि त्याने आपले हाड पाचव्यावर ठेवले. का, तर बगळा.

तिलेकनेही पाचव्यावर. "बगळ्याने टोपी काढली ना, तेव्हा मी रडलो होतो. आईला सांगितलं, चुना डोळ्यात गेला."

मग आयसालकिनची पाळी आली. "मला माझ्या पाचव्याला हरवायचं नाहीये," ती म्हणाली, "पण काय करू? ती एकशे चौदावी खूण." आणि हाड तिसऱ्यावर आपटले. "घे, काठीवाले."

दोन आणि दोन. आता पेरिझात.

तिला हिशेब करायला एक श्वासही लागला नाही. तिसऱ्यावर तिला ठेवता येत नव्हते. पहिल्यावर ठेवले तर बरोबरी, आणि बरोबरीत सुयुंचू वरचढ, म्हणजे पुस्तक तिचे. पहिला भागही चांगलाच होता. तिने तो चार वेळा वाचला होता. पाचवा अकरा वेळा. टोपीचे पान तर तिला तोंडपाठ होते, स्वल्पविरामांसकट.

तिने हाड पाचव्यावर ठेवले.

पहिल्यांदा ओरडली ती आयसालकिनच, आणि ते आनंदाने नव्हे. "अगं मूर्ख मुली! आता तू जाणार आणि हा उसेन तुला फोनवर शेवट सांगणार!"

"टेकडीवर चढलीच तर," उसेन म्हणाला.

आयसालकिनने पुस्तक उचलले. तिने ते उलटेसुलटे केले, एजेकडे बघितले, पुन्हा पुस्तकाकडे बघितले. "एजे, एक पुस्तक, एक माणूस, दहा दिवस. म्हणजे डोळे एकाचे ना?"

"हो."

"आणि कान?"

गुलसून-एजेने चष्मा काढून पुसला. "कानांनी पान फाटल्याचं मी अजून ऐकलं नाही," ती म्हणाली. "पण इथे नाही. हे वाचनालय आहे. इथे शांतता."

म्हणून वाचन तिलेकच्या बागेत सुरू झाले, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या तपकिरी झाडांखाली. पेरिझातने पहिल्या तासात मोजले : मोठ्याने वाचताना तासाला बावीस पाने, म्हणजे एकूण साडेसत्तावीस तास, म्हणजे रोज चार तास पुरेत. तिच्या हिशेबात चूक नव्हती. फक्त त्यात हसणे धरलेले नव्हते. दातवाला बगळा न्यायाधीशाची पगडी खातो ते प्रकरण असानने तीनदा वाचायला लावले. शहाण्णवाव्या पानावर उसेन झाडावरून पडला आणि पडल्या-पडल्या म्हणाला, थांबू नका. चौथ्या दिवशी आयसालकिनचा आवाज बसला; तिच्या आईने लोणी घातलेले गरम दूध पाठवले आणि निरोप दिला की पोरगी तीन दिवस सामसे मोजताना चुकते आहे.

आठव्या दिवशी पहाटे पाचला ट्रक आला. तंबूचे जाड लोकरी नमदे, पातेली, चार मेंढ्या, आजी, सगळे चढले. पाचशे एकसष्ट पाने झाली होती. पेरिझात नमद्यांवर बसली आणि खाली उभ्या आयसालकिनकडे बघून तिने हात हलवायला उचलला.

"हात काय हलवतेस? हात दे!" आयसालकिन म्हणाली. पुस्तक तिच्या काखेत होते. "हा ट्रक संध्याकाळी रिकामा परत येणार आहे ना? आई, मी चालले गं!"

"दोघी बसा नीट, कार्ट्यांनो," आजी म्हणाली. "आणि मोठ्याने वाचा. मलाही त्या बगळ्याचं काय झालं ते कळू दे."

सहाला ट्रक हलला. आयसालकिनने पान उघडले, घसा खाकरला, आणि मेंढ्यांच्या वर आवाज चढवला.

शेवटची ओळ संपली तेव्हा आठ वाजायला दोन मिनिटे होती. ट्रकच्या मीटरवर एक्केचाळीस किलोमीटर वाढले होते. पाने : सहाशे चारपैकी सहाशे चार.