गल्लीच्या तोंडाशी आडवी झालेली शिडी

मित्रांनो, मी शिडी आहे. जुनी आहे हे कबूल, पण मोडकी म्हणाल तर याद राखा. माझे दोन्ही खांब अजून सरळ आहेत. तुमच्यातल्या किती जणांचा पाठीचा कणा सरळ आहे, ते मी विचारत नाही.

मला एका अबोल सुताराने घडवलं. लाकूड वाळेपर्यंत तो थांबला, आणि मी एका मंडपवाल्याच्या हवाली झाले. तेव्हापासून मी त्याचीच. किती कमानी बांधल्या, किती झालरी लावल्या, किती दिवे टांगले! लोक येत, कमानीखाली उभे राहून वर बघत आणि वा वा करत. वर चढवलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. पाहुणे यायच्या आत मला मागे नेऊन भांड्यांशेजारी उभी करत. असो. मानाचं मी बोलत नाही, सवय झाली आहे.

मंडपवाल्याची एक खोड मात्र सांगून ठेवते, ती पुढे लागणार आहे. तो गाठ नेहमी बाहेरून मारायचा. येणाऱ्या पाहुण्याला गाठीचं तोंड दिसावं, पाठ दिसू नये, असं त्याचं म्हणणं. बांधून झालं की चार पावलं मागे सरून मान तिरकी करून बघायचा.

त्याची बायको म्हणजे गल्लीची काकू. तिचा शब्द खाली पडत नसे, कारण पडायच्या आत ती दुसरा बोलायची. एकदा जळमटं काढायला ती माझ्यावर चढली आणि माझी पाचवी पायरी मोडली. काकू खालच्या गाद्यांच्या ढिगावर पडली. लागलं काही नाही, पण गल्लीने पाहिलं. ती म्हणाली, लाकूड हलकं आणलं. तो म्हणाला, लाकडालाही मर्यादा असते. झालं! त्याने नवी पायरी बसवली, बाहेरच्या अंगाने पाचर ठोकली. काकूने लांबूनच पाहून सांगितलं की वाकडी बसवली आहे. त्यानंतर तिने माझ्यावर पाय ठेवला नाही. संसारात भांडायला एक कायमचा विषय लागतो. यांना माझी पाचवी पायरी मिळाली.

मग ती साथ आली. घराबाहेर पडू नका, गर्दी करू नका, असा हुकूम निघाला. गर्दी कशी करायची नाही हे ठरवायला आमची अख्खी गल्ली काकूच्या ओट्यासमोर गोळा झाली. काकूचा धाकटा भाऊ बेकरीवाला. बेकरी बंद पडल्यामुळे त्याला वेळच वेळ होता, म्हणून तो अध्यक्ष झाला. गल्लीच्या एका टोकाला भिंतच होती. दुसरं टोक आपण बंद करू, बाहेरच्या कुणालाही आत घ्यायचं नाही, असं त्याने जाहीर केलं. कुणीतरी विचारलं, आपलाच माणूस बाहेर राहिला तर?

काकू ओट्यावरून म्हणाली, "नियम म्हणजे नियम. उद्या आमचे हे बाहेर राहिले तरी आत घ्यायचं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूने मान वर केली. ती मान तिला पुढे फार महाग पडली.

दुपारी बांधाबांध सुरू झाली. खाली हातगाडी उलटी टाकली. तिच्यावर मला आडवी केली, म्हणजे माझ्या पायऱ्या खिडकीच्या गजांसारख्या उभ्या झाल्या. माझ्यावर बांबू, बांबूंवर ताणून कापड. मंडपवाल्याने जीव ओतून काम केलं. एकेक गाठ अशी की बघत राहावी. शेवटची गाठ आवळून तो चार पावलं मागे सरला आणि मान तिरकी करून बघू लागला. आतून सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती.

"सुबक झालंय हो," काकू म्हणाली. "पण तुम्ही तिकडे कसे?"

मित्रांनो, इथेच सगळं अडलं. तो वाट बघत होता की ही म्हणेल, या आत. ती वाट बघत होती की हा म्हणेल, येऊ का. अध्यक्ष बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी मंडपवाला म्हणाला की रस्त्यापलीकडे गोदाम आहे, गाद्याही आहेत, तो तिथे झोपेल. काकूने पांघरूण आहे का विचारलं. आहे म्हणाला. संपलं बोलणं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि दोघांचं नाक इतकं उंच की मला लावली असती तरी मी पोचले नसते.

त्यानंतर गल्लीला माझी किंमत कळली. दूधवाला बाहेरून नळी घालायचा आणि आत बायका पातेली धरून उभ्या राहायच्या. माझ्यातून जी भाजी शिरेल तीच घरोघर शिजायची. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक बाहेर कोण आलं हे बघायला माझ्यापाशी येऊन खोळंबायचे. काकू रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि पाचव्या पायरीशेजारून बाहेर द्यायची. तो म्हणायचा, काल मीठ कमी होतं. ती म्हणायची, बाहेरच्या माणसाने घरातल्या मिठात लक्ष घालू नये. तो डबा घेऊन वळला की ती माझ्या लाकडावर हात ठेवून उभी राहायची, तो गोदामात दिसेनासा होईपर्यंत. घरी तिचं ताट झाकलेलंच असायचं, असं शेजारीण सांगायची. पण एक शब्द बोलली असती तर शपथ.

आणि मग अध्यक्षांचे केस वाढले.

त्याच्या बायकोने पावाची पुडकी कापायच्या कात्रीने ते कापायला घेतले. एक बाजू झाली आणि तिने कात्री ठेवून दिली. दुसरी बाजू करायची तिची हिंमत झाली नाही. न्हावी पलीकडच्या गल्लीत राहायचा. भर दुपारी सगळे डुलकी घेत असताना अध्यक्ष डोक्यावर टॉवेल टाकून माझ्यापाशी आला. आधी डोकं घातलं, गेलं. खांदे गेले. पोट गेलं नाही. चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मधे ते असं बसलं, जणू सुताराने माप घेऊनच ठेवलं होतं.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "झोपलात का?"

मंडपवाला गोदामातून आला. अर्धे कापलेले केस त्याने सगळ्या बाजूंनी बघितले, मान तिरकी करून. तोवर आत गल्ली जागी झाली. कुणी पाय ओढले, कुणी तेल आणलं, आणि एकाने करवत आणली. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला.

"शिडीला करवत लावणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं," मागून काकूचा आवाज आला. करवत परत गेली.

मंडपवाला म्हणाला की पाचव्या पायरीची पाचर त्याच्या बाजूला आहे, तो ठोकून काढेल आणि पायरी निघेल. पण माणूस कुठल्या बाजूला काढायचा, ते आधी ठरवा.

"ताई, माझे पाय घरात आहेत," अध्यक्ष म्हणाला.

"पायांना कोण विचारतंय. तोंड बाहेर आहे, श्वास बाहेरचा घेतोयस. तू बाहेरचा."

"मग मी जाऊ कुठे?"

काकू काही बोलली नाही. न बोलता उभी राहिली, आणि ते तिला किती जड जात होतं ते मी पाहिलं. ऊन अध्यक्षाच्या उघड्या अर्ध्या टाळूवर आलं. शेवटी तोच म्हणाला, की नियम थोडा बदलू. बाहेरच्याला आत घेऊ आणि ठरलेले दिवस वेगळ्या खोलीत ठेवू.

"मी नाही हं म्हटलं," काकू लगेच गल्लीकडे वळली. "अध्यक्षांनी म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं ना?"

"एकट्या त्याच्यासाठी, की..." मंडपवाल्याने बाहेरून विचारलं. त्याचा हातोडा हातातच होता.

"नियम म्हणजे नियम," काकू म्हणाली. "सगळ्यांना." आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून तिने तोंड फिरवलं.

पाचर निघाली, पायरी निघाली, अध्यक्ष निघाला. मंडपवाल्याने मला सोडवलं आणि आत येऊन माझ्या जागी बांबू बांधले. या वेळी गाठी आतून. बाहेर गाठींची पाठ दिसणार म्हणून त्याने दोनदा वळून बघितलं, पण पुन्हा बाहेर काही गेला नाही. पायरी बसवून त्याने मला घराच्या भिंतीला लावली आणि घरातून जायला नको म्हणून तो आणि अध्यक्ष खिडकीतून माडीवरच्या वेगळ्या खोलीत चढले. तिथे त्याने झालरी कापायच्या कात्रीने मेहुण्याचे उरलेले केस कापले. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, सारख्याच वाईट.

संध्याकाळी काकू ताट घेऊन आली. टोपलीला दोरी बांधून वर ओढता आलं असतं. पण ती माझ्यापाशी थांबली, ताट एका हाताने छातीशी धरलं आणि चढू लागली. चौथ्या पायरीवर थबकली. पाचवीवर आधी नुसता अंगठा ठेवला, मग पाऊल, मग सगळा भार. मी दोन्ही खांब घट्ट रोवून उभी राहिले. पायरी हलली नाही.

"वाकडी नाहीये," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" खिडकीतून त्याने विचारलं.

"मीठ नीट आहे म्हटलं. जेवा."

खाली उतरल्यावर तिने ओल्या फडक्याने माझी ती पायरी पुसली. बाकीच्या पुसल्या नाहीत, पण माझी तक्रार नाही.

मित्रांनो, शिडीला पावसात टाकू नका. तिच्या सैल पाचरी वेळेवर ठोका, आणि पोट सुटलं असेल तर दारानेच ये-जा करा. आणि कधी दार लावायची वेळ आली, तर गाठ मारायच्या आधी एकदा बघून घ्या, आपलं माणूस कुठल्या बाजूला उभं आहे.