मला मनगटाला गुंडाळू नका

मी एक जुना कासरा आहे. जुना म्हणजे आता अर्धाच उरलेला. केळझरजवळच्या एका खेड्यात नत्थूजींच्या गोठ्यात खुंटीला लोंबतो आहे. मित्रांनो, कासरा म्हणजे काय हे तुमच्यापैकी काहींना सांगावे लागेल. जनावराच्या नाकातून ओवतात ती वेसण, आणि त्या वेसणीला बांधून माणूस हातात धरतो तो लांब दोर म्हणजे मी. जनावर एका टोकाला, माणूस दुसऱ्या टोकाला. मधल्या मधे माझे हाल किती झाले ते ऐका, आणि ऐकून तरी शहाणे व्हा. आमच्या गावात कोणी झालेले नाही.

माझा जन्म अंबाडीचा. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाढलो, नाल्याच्या पाण्यात कुजलो. तो वास कवडूने नाक दाबून सोसला. कवडू हा नत्थूजींचा सालदार, वर्षभर त्यांच्या घरी राबणारा गडी. त्याने मला झोडपले, सोलले, वाळवले आणि तिपेडी वळले. वळून झाल्यावर एक टोक गोठ्याच्या खांबाला बांधून दोघे जण मला लोंबकळले. मी हूं की चूं केले नाही. "तुटणार नाई हा," कवडू म्हणाला, आणि मी फुगून गेलो. तुटणार नाही, हीच माझी अब्रू.

मला मिळाला चांद्या. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा वळू. त्याला ना औत ना गाडी. पंचक्रोशीतल्या गायी त्याच्याकडे येत. लोक त्याला बघायला सिंदीच्या बाजारातून वाट वाकडी करून येत आणि नत्थूजी मिशीवरून हात फिरवत. इथपर्यंत सगळे छान होते.

पण नत्थूजींची एक खोड होती. त्यांना मी हातात धरवत नसे. ते मला डाव्या मनगटाला वेढे घालून गुंडाळत, मग उजवा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताने तंबाखू मळायची, येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम करायचा, पोरासोरांच्या डोक्यावर टपल्या मारायच्या. मागून चांद्या, आणि नत्थूजींची त्याच्याकडे पाठ! वळूकडे पाठ फिरवायची नसते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. नत्थूजींनाही ठाऊक होते. ते दुसऱ्यांना सांगतसुद्धा असत.

एकदा तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, वळूला दोन कासरे लावा, दोन बाजूंनी दोन माणसे धरा, आणि दोर हाताला गुंडाळू नका. नत्थूजी हसून म्हणाले, "सर्कशीतला वाघ हाये का जी हा? पोटच्या पोरावानी हाये. माह्या हातची भाकर खाते." डॉक्टरांनी चहा घेतला आणि ते गेले. दुसरे काय करणार?

नत्थूजींची बायको मनकर्णाबाई मात्र बोलायची थांबत नसे. "अजी, त्याले सोडता आला पाह्यजे हातातून."

"सोडाचा कायले? सोडला तर पयून नाई जाणार?"

"पयू द्या. सांजच्याले येते घरी."

नत्थूजी मान हलवत आणि मला आणखी एक वेढा देत. मी काय करणार? दोराला तोंड असते तर मी त्यांच्या कानाशी बोंब मारली असती.

मग आला पोळा. आमच्याकडे त्या दिवशी गावचे सगळे बैल आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे करतात. एकेक शेतकरी हात उंच करून झडती म्हणतो. झडती म्हणजे महादेवाच्या नावाने म्हणायच्या खणखणीत ओळी. मग म्हातारा मानकरी विळ्याने तोरण कापतो, डफडी वाजतात आणि बैल घराकडे धावतात. रांग असते ती बैलांची. बैल, म्हणजे खच्ची केलेले, नांगराला मऊ झालेले, शांत जनावर. पण नत्थूजींना चांद्या मिरवायचा होता! त्याची शिंगे रंगवली, पाठीवर झूल घातली, आणि भरल्या रांगेत नेऊन उभा केला. शेजारी कोण? गावातलाच शेतकरी लहानू आणि त्याचा नुकता वयात आलेला गोऱ्हा. दोन नर खेटून उभे! मी डोके कुठे आपटावे तेच मला कळेना.

चांद्या डुरकू लागला. पुढच्या खुराने माती उकरू लागला. आरतीचे ताट घेऊन बायकांत उभ्या असलेल्या मनकर्णाबाईने ते पाहिले आणि ती लाज सोडून ओरडली, "अजी, तो जमीन उकरून राह्यला! बाहेर काढा त्याले!"

"चूप वो!" नत्थूजी म्हणाले. चारचौघांत बायकोने बोलावे हे त्यांना खपले नाही. त्यांची झडतीची पाळी आली होती. त्यांनी मला मनगटाला घट्ट आवळले, टोक खोचले आणि उजवा हात आभाळाकडे केला.

झडती अर्धीच झाली. गोऱ्ह्याने शिंग लावले, चांद्या उसळला, गोंधळात कोणीतरी डफड्यावर टिपरी मारली आणि चांद्या सुटला. सुटला म्हणजे काय, मित्रांनो? तो सुटला, नत्थूजी सुटले नाहीत. माझे वेढे त्यांच्या मनगटात रुतले आणि ते मातीतून फरफटत निघाले.

"सोडा नं त्याले!" मनकर्णाबाई मागे धावत होती.

"सुटत नाई वो! सुटत नाई!"

आयुष्यभर न तुटण्याची शेखी मिरवली मी. त्या घटकेला मात्र मी मनापासून म्हणालो, एक पेड तरी सुटू दे, कुठेतरी झिजू दे. पण कवडूने मला चांगले वळले होते. मला त्या चांगुलपणाचा इतका राग कधी आला नव्हता.

आखराच्या कडेला एक बाभूळ होती. चांद्या तिच्या एका अंगाने गेला, नत्थूजी दुसऱ्या अंगाला राहिले आणि मी बुंध्याला अडकून ताणला गेलो. नाकाला हिसका बसताच चांद्या वळला. समोर नत्थूजी पडलेले, हात झाडाला जखडलेला. चांद्याने मान खाली घातली. ज्या हातची भाकर तो खात होता तो हात त्याला आता ओळखू येत नव्हता.

मनकर्णाबाईने मानकऱ्याचा विळा वाटेतच हिसकावून आणला होता. चांद्याच्या शिंगांपुढे वाकून तिने माझ्यावर घाव घातला. पहिल्या घावाला मी तुटलो नाही, बघा माझे कर्म! दुसऱ्याला तुटलो. कवडूने नत्थूजींना पायाला धरून ओढले आणि चांद्याचे डोके बाभळीवर आदळले. मग तो शेपूट वर करून शेतात पळाला. सांजेला घरी आला, मुकाट्याने.

लहानूच्या गाडीतून नत्थूजींना सिंदीला नेले, तिथून रेल्वेने वर्ध्याला. जीव वाचला. डाव्या हाताचा अंगठा गेला, बोटे ताठ झाली.

आणि गाव काय म्हणाले? कोणी म्हणाले डफडे चुकले, कोणी म्हणाले चांद्याला नजर लागली. लहानूने तर कमाल केली. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इतका पक्का कासरा वळाचा कायले? कच्चा असता तर तुटला असता." वेढ्यांचे नाव कोणी काढले नाही.

आज पुन्हा पोळा आला आहे. नत्थूजी चांद्याला नवा कासरा लावून अंगणात आले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो उजव्या मनगटाला गुंडाळला! मनकर्णाबाई दारात थबकली.

"डाव्यात पकड नाई राह्यली," नत्थूजी ओशाळून म्हणाले. "मंग गुंडाळाच लागते."

ती ओरडली नाही. जवळ आली आणि एकेक वेढा उलगडू लागली. "हा जेवाचा हात हाये," एवढेच म्हणाली. नत्थूजींनी खाली पाहिले.

"कवडू," ते म्हणाले, "दुसरा कासरा आण. अन् लहानूले हाक मार. तुमी दोघं दोन अंगानं धरा. नेऊ नका आखरावर, नदीवरून धुवून आणा फक्त."

मला वाटले, सुटलो बुवा एकदाचे. लहानू आला. हसत आला, बाहीने घाम पुसत आला. त्याने एक कासरा हाती घेतला, आणि बोलता बोलता, अगदी सहज, मनगटाला एक वेढा दिला. मग दुसरा.

मित्रांनो, नत्थूजी गोठ्यात पाठमोरे आहेत. मनकर्णाबाई आत गेली आहे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्याला सांगा हो कोणीतरी!