दोन गप्प, एक बोलकं

आमच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात टेप फक्त टेलरकाकांच्या गळ्यात असते. मला तिची गरज पडत नाही. आलेली गाठोडी सोडायची आणि विकायचे, दुरुस्तीचे, चिंध्यांचे असे तीन ढीग करायचे, हे माझं काम. एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आत येऊन छत्री मिटेपर्यंत त्याची कंबर, खांदे, बाहीची लांबी माझ्या डोक्यात बसलेली असते. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझी दुसरी खासियत म्हणजे जोड. एकाच हँगरवर पँट, शर्ट आणि वर स्वेटर किंवा जाकीट, असा दिवसभराचा अख्खा पोशाख लावून ठेवायचा. नियम एकच: दोन गप्प, एक बोलकं. राखाडी पँट गप्प, पांढरा शर्ट गप्प, मग स्वेटर खुशाल लालभडक असू दे. तिन्ही गप्प राहिली तर माणूस सरकारी अर्जासारखा दिसतो, आणि तिन्ही बोलायला लागली तर कोणाचंच ऐकू येत नाही. लोक माझे जोड हँगरसकट उचलून नेतात.

म्हणूनच धाकट्या बहिणीचं पुन्हा कामावर जायचं निघालं तेव्हा मी म्हटलं, कपड्यांची काळजी तू सोड.

तिला आम्ही गुब्बी म्हणतो. लहानपणी गालांवरून नाव पडलं आणि चाळिशीपर्यंत ते तिला शोभलं. दातांच्या दवाखान्यात ती समोरच्या टेबलावर बसायची. दाढ धरून आलेला माणूस तिच्याशी दोन शब्द बोलला की निम्मा बरा व्हायचा. मग पोटाचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ दुसरं झालं, आणि तेव्हापासून चौदा महिने ती माझ्या घरी होती. आता तब्येत ठणठणीत आहे, असं डॉक्टर सांगतात. पण बावीस किलो वजन गेलं ते गेलंच. जुना एकही कपडा अंगावर टिकेना, तशी ती एका तपकिरी गाऊनमध्ये शिरली आणि त्यातून बाहेर यायचं नाव घेईना. दारावर कोणी आलं की ही आतल्या खोलीत. दवाखान्याच्या बाईंनी इतके दिवस तिची जागा धरून ठेवली होती, पण त्या तरी किती थांबणार? सोमवारी आली नाहीस तर मंगळवारी दुसरी मुलगी घ्यावी लागेल, असं त्यांनी फोनवर सरळ सांगितलं. गुब्बी ‘बरं’ म्हणाली. ‘येते’ म्हणाली नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी पाच हँगर घेऊन घरी आले. प्रत्येक कॉलरला टाचणीने वाराची चिठ्ठी लावलेली. सोमवारसाठी काळी पँट, क्रीम शर्ट आणि खांद्यापाशी विणलेली पानं असलेला हिरवा स्वेटर. तिने पानांवरून बोट फिरवलं, चक्क हसली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

“घालून दाखव बघू,” मी म्हटलं.

ती बाहेर आली ती पँट कमरेशी मुठीत धरून. खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली, बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसत होती. मी घाईघाईने मंगळवारचा हँगर दिला, मग बुधवारचा. तीच गत.

“ताई, कोणाच्या मापाचे आणलेस हे?”

“तुझ्याच.”

“माझ्या नाही. आजारी पडायच्या आधी जी होती ना, तिच्या.” ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. “रोज माझ्यासमोर बसून जेवतेस. तुलाच मी दिसत नाही, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलीस? बाईंना कळव, दुसरी मुलगी घ्या म्हणावं.”

तिने दार लावून घेतलं. मला आधी तिचा राग आला, मग त्या पँटचा, आणि अखेरीस जिचा यायला हवा होता तिचा. चौदा महिने मी तिच्या ताटात बघत होते, औषधांच्या वेळा बघत होते. तिच्याकडे मात्र मी धड बघितलंच नव्हतं, कारण मला भीती वाटत होती. वजन भरेल, गालांचे फुगे परत येतील, मग बघू, असं मी स्वतःला समजावत राहिले होते.

शुक्रवारी दुकानात टेलरकाकांपुढे पाचही हँगर ठेवले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, “आत घेतो की. पण किती घेऊ? अंदाजाने कापड कापायचं माझं वय गेलं. तिलाच आण. आणि येताना तुझी ती नजर घरी ठेवून ये.”

संध्याकाळी मी तिच्या बंद दारापाशी उभी राहिले.

“मला तुझं माप येत नाही,” मी म्हटलं.

आतून पलंग करकरला. “काय म्हणालीस?”

“तुझं माप येत नाही मला. चुकले.”

दार चार बोटं उघडलं. “अजून एकदा म्हण.”

एकोणीस वर्षं माझ्या बढाया ऐकून कान किटलेल्या बाईला ते किती गोड लागलं असेल! मी पुन्हा म्हटलं.

“हे टेलरकाकांसमोर म्हणशील?”

“म्हणेन.”

“मग येते.”

शनिवारी आम्ही दुकान उघडायच्या आधीच निघालो. ती गाऊनवर माझा लांब कोट घालून, भिंतीच्या कडेकडेने चालत आली. काकांनी मशीनवरून मान वर केली, जणू कालच भेटल्यासारखं “ये, बस” म्हणाले. मी माझं वाक्य म्हटलं. तेव्हा त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली.

गुब्बीने दोन्ही हात वर केले. माझे दोन हात तिच्या कमरेभोवती फिरून फारच लवकर भेटले. सव्वीस. खांदे चौदा. आकडे मोठ्याने सांगता सांगता मला रडू फुटलं.

“रडतेस काय, लिही,” ती म्हणाली. पण हात तिने खाली घेतले नाहीत.

मग तिने स्वतःच कपडे चाळायला घेतले. शाळकरी मुलांच्या रॅकवरून मोहरीच्या रंगाची पँट काढली, वर निळ्या चौकड्यांचा शर्ट, आणि त्यावर फुलाफुलांचं बिनबाह्यांचं जाकीट.

“अगं, तिन्ही बोलकी आहेत.”

“चौदा महिने गप्पच होते की मी. बोलू देत त्यांना.”

ती आरशासमोर उभी राहिली. आता नुसता गोंगाट होणार, अशी माझी खात्री होती. पण मला सगळ्यात आधी दिसला तो तिचा चेहरा. तो मी नीट बघितला. हनुवटी आमच्या आईची होती. इतकी वर्षं ती गालांमागे लपून बसली होती.

“छान दिसतेस,” मी म्हटलं.

“नाव घ्यायला काय झालं?”

“म्हणजे… अजून गुब्बी म्हटलेलं चालेल?”

“ते माझं नाव आहे, ताई. माप नाही.”

सोमवारी सकाळी दवाखान्यात जाण्याआधी ती दुकानात आली ती भलीमोठी पिशवी घेऊन. तिचे सगळे जुने कपडे होते.

“याचे तीन ढीग कर. आणि चांगले चांगले मागे लपवून ठेवू नकोस, मी तुला ओळखून आहे,” असं म्हणून ती गेलीसुद्धा.

लपवायचेच होते मला. पण मी एकेक कपडा झटकला, ढिगांत टाकला, आणि माझे ते आत न घेतलेले पाच हँगरही पुढे नेऊन लावले. दुपारी एक भरल्या अंगाची बाई आली. दहा वर्षांनी पुन्हा नोकरी धरतेय, काय घालू कळत नाही, म्हणाली. मला तिचं माप बघताक्षणी कळलं. ते मला तोंडपाठ होतं. तरीही मी काकांकडून टेप मागून घेतली आणि रीतसर मोजलं. पानांचा हिरवा स्वेटर तिला अगदी शिवून घेतल्यासारखा बसला. ती पाचही हँगर घेऊन गेली. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

गुब्बी आली तेव्हा दुकान बंद व्हायला आलं होतं. शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली.

“बाई काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? म्हणाल्या, फोन वाजतोय, उचल.”

तिने पायातले बूट काढले आणि माझ्या शेजारी, नुकत्याच आलेल्या गाठोड्यापाशी बसली. जरा वेळाने तिने त्याची गाठ सोडली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपत मला विचारलं, “उद्या काय घालू गं?”