दुपारचा मेन स्विच

"हिरवं आहे ना, तनया? मग झालं!" रुद्रेश म्हणाला.

रुद्रेश माझा साहेब. डिचोलीतल्या एका इस्पितळाचं कॉम्प्युटरचं काम आम्ही बघतो. तिथंच सोमवारी त्याच्या आईचं, सत्यवतीमावशीचं, ऑपरेशन. म्हणून त्याला घाई. इस्पितळातला जुना सर्व्हर आजच काढायचा, कारापूरच्या आमच्या ऑफिसात असलेली त्याची प्रत मुख्य करायची आणि मग आईपाशी निवांत बसायचं.

इस्पितळात नोंद झाली की ती लगेच त्या प्रतीत उतरते. हिरवा दिवा म्हणजे प्रत मागे पडलेली नाही. पण अरे बाबा, बस वेळेवर पोचली म्हणजे सगळे उतारू आत आहेत असं कुठंय? मी इस्पितळातच बसून दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी पडताळायला लावल्या. रुद्रेश तोंड वाकडं करून चहा आणायला गेला.

बऱ्याच नोंदी जुळेनात, आणि सगळ्या दुपारच्या. माझं डोकंच फिरलं. कारापूरचं ऑफिस सांभाळणाऱ्या गुरुदासकाकांना फोन लावला.

"काका, दुपारी तिथं काय चालतं?"

"काय चालतला? दार लावून जेवूक घरी जातंय, मगे जरा निजतंय."

"आणि वीज?"

"मेन स्विच बंद करूनच जातंय गो. बंद घरात वीज चालू ठेवून कोण जाता?"

"बॅटरी आहे ना पण!"

"ती पेटी वीज गेली की केकाटता. शेजारचे बोंब मारूक लागले, म्हणून तिची वायर काढलंय."

देवा रे! तिथली डिस्क नोंद आली की 'लिहिलं' म्हणून सांगून मोकळी होते, आणि खरं लिहायच्या आधीच काका स्विच पाडतात. वीज परत आली की आधीचं सगळं लिहिलंय असं धरून प्रत पुढच्या नोंदीपासून कामाला लागते, आणि दिवा हिरवाच. बुडालेल्या नोंदींची दाद ना फिर्याद.

रुद्रेश चहा घेऊन आला. मी स्क्रीन त्याच्याकडं फिरवली. इस्पितळाच्या सर्व्हरवर सत्यवतीमावशीच्या नावापुढं 'पेनिसिलिन चालत नाही', आणि कारापूरच्या प्रतीत तो रकाना कोरा.

त्याचा चेहराच उतरला. सर्व्हर काढणं रद्द म्हणाला आणि तिथंच आईला फोन लावला.

"आई, पेनिसिलिनचं डॉक्टरांना परत सांगितलंस ना?"

"परत कशाला रे? एकदा सांगितलं ते बस्स. तूच म्हणालास ना, आता सगळं कॉम्प्युटरात असतं, तो विसरत नाही म्हणून?"